मथुराबाईचं निम्मं रक्त

मथुराबाईचा पहिला मुलगा गेला, त्याच्या पाच दिवस आधी त्याचं रक्त मी काढलं होतं. टायफॉइडची तपासणी पॉझिटिव्ह असं रिपोर्टवर लिहिणाराही मीच. मारेगावात बसस्टँडच्या मागे माझी रक्त-लघवी तपासायची लॅब आहे, एका खोलीची. भादव्यात आमच्याकडे दर दुसऱ्या तापाला टायफॉइड निघतो. ही तपासणी फसवी आहे, मागे कधी होऊन गेलेल्या टायफॉइडलाही ती हो म्हणते, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी काचपट्टीवर मी आणखीही काही पाहिलं होतं. पोराच्या पांढऱ्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या होत्या, वेड्यावाकड्या, कडा पसरलेल्या. विषाणूच्या काही तापांत अशा दिसतात. तसा शेरा लिहायला रिपोर्टवर जागा असते. बाहेर सतरा माणसं उभी होती. मी ती जागा कोरी सोडली.

अश्वजित त्याचं नाव, वय सहा वर्षं. मानेला दोन्ही बाजूंनी सुपारीएवढ्या गाठी आल्या होत्या. टायफॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, ताप हटेना, मग डोळे पिवळे झाले. कोणीतरी म्हणालं, ही तर कावीळ. वणीकडच्या एका गावात नाकात पाल्याचा रस पिळणारा माणूस आहे, त्याच्याकडे नेलं. तिथून परत येताना पोराच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. ही २०१५ सालची गोष्ट.

मथुराबाई तेव्हा तिशीची असेल. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. नवरा भीमराज कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी बांधायच्या प्रेसवर होता. मोठी मुलगी समीक्षा आठ वर्षांची. मथुराबाईचं माहेर फुलसावंगीचं, इथून तीन बस बदलून जावं लागतं, म्हणून ती वर्षातून एकदाच जायची. आवाज असा मोठा की शाळेच्या मैदानापलीकडून हाक ऐकू यावी. कोणत्या पोराला वटाणे चालत नाहीत, कोण घरून उपाशी येतो, हे तिला गुरुजींपेक्षा जास्त माहीत. पळी तळहातावर टेकवून ती आमटीची चव घ्यायची आणि “झालं रे पोट्टेहो, बसा!” म्हणून ओरडायची.

अश्वजित गेल्यावर पंधरा दिवसांनी ती कामावर आली. खिचडी पहिल्यासारखीच व्हायची. ओरडणं मात्र थांबलं. ती ताटावर पळी वाजवायची, पोरं येऊन बसायची.

पुढच्या वर्षी प्रेम झाला. तो पाच वर्षांचा होईपर्यंत त्याला साधं पडसंही झालं की मथुराबाई त्याला कडेवर घेऊन माझ्याकडे यायची. डॉक्टरकडे जायच्या आधी माझ्याकडे. मी म्हणायचो, “मथुराबाई, मी डॉक्टर नाही.” ती म्हणायची, “तुमी रक्त पाहाता ना. पाहा.” माझ्यावर तिचा हा जो भरवसा होता, त्याने मला फार त्रास व्हायचा. मी त्या कोऱ्या जागेबद्दल तिला कधीच सांगितलं नव्हतं.

२०२२च्या फेब्रुवारीत ती आली तेव्हा प्रेमला ताप येऊन तीनच दिवस झाले होते. ती आत आली, त्याची मान माझ्याकडे वळवली आणि म्हणाली, “भाऊ, गाठी आल्या.”

मी रक्त काढलं, पट्टी केली, रंगवली. त्याच पेशी. प्लेटलेट उतरलेले. मी लॅबला कुलूप लावलं आणि भीमराजला फोन केला. संध्याकाळपर्यंत आम्ही चौघं नागपुरात होतो, एका मोठ्या इस्पितळात. लहान मुलांच्या रक्ताचे आजार बघणाऱ्या डॉक्टर अर्पिता तिथे होत्या. चाळिशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी पोराचं पोट चाचपलं, पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजून बेंबीपर्यंत आली होती. मग त्यांनी मथुराबाईला विचारलं, “घरात आधी कोणी मुलगा असा तापाने गेला आहे का?”

“याचा मोठा भाऊ.”

“तुमच्या माहेरी?”

मथुराबाईने प्रेमच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. भीमराज तिच्याकडे बघत होता. ती काय सांगणार, हे त्यालाही माहीत नसावं.

“माहे दोन भाऊ,” ती म्हणाली. “एक चार वर्साचा, एक सात. मी लहान होती. मायनं कधी नाव काढू नाई देल्लं.”

मॅडमनी एका कागदावर बायांसाठी गोल आणि पुरुषांसाठी चौकोन काढले, रेघांनी जोडले. तीन चौकोन पेनाने काळे केले. चौथा, प्रेमचा, त्यांनी तेवढा कोरा ठेवला.

अकराव्या दिवशी प्रेम गेला.

त्यानंतर मॅडमनी दोघा नवरा-बायकोला आत बोलावलं. इंग्रजी शब्द आला तर अडचण नको म्हणून मलाही बोलावलं. त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. एक अगदी साधा विषाणू आहे. जवळजवळ प्रत्येक माणसाला तो लहानपणी कधीतरी होतो, लाळेतून पसरतो, दोन दिवस अंग कसकसतं आणि संपलं. काही घराण्यांत मात्र मुलग्यांच्या रक्तात जन्मापासून एक खोट असते. विषाणू ज्यांच्यात शिरला त्या पेशी ओळखून मारण्याचं काम ज्या पेशींचं, त्या या मुलांत मारत नाहीत, नुसत्या वाढत जातात. त्यांच्या त्या गर्दीनेच यकृत, हाडांतली मज्जा, सगळं जळत जातं. दुसरा ताप आला तर ही मुलं इतर मुलांसारखीच निभावतात. या एका विषाणूपुढे त्यांचं चालत नाही. खोट आईकडून येते. पेशींना हे काम शिकवणारी एक सूचना असते, आईजवळ तिच्या दोन प्रती असतात, एक खराब, एक चांगली, म्हणून तिला काही होत नाही. मुलग्याजवळ एकच प्रत असते, आईकडून आलेली. ती खराब निघाली की झालं.

मथुराबाईने विचारलं, “म्हंजे दोघायले मीच देल्लं?”

“तुम्ही मुद्दाम दिलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “तुम्हाला माहीतही नव्हतं.”

“पन मीच.”

मॅडमनी हो म्हणून मान हलवली. मग त्यांनी तो कागद पुढे ओढला आणि विचारलं, “तुम्हाला बहीण आहे का? तिला मुलगा आहे?”

बहीण होती. दीपमाला, मथुराबाईपेक्षा सहा वर्षांनी लहान, राजूरला दिलेली. नवरा कोळशाच्या खाणीत कामाला. तिला एक मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा, बबलू.

प्रेमला जाऊन महिना झाला नव्हता तेव्हा मथुराबाई राजूरला गेली. मला म्हणाली, “भाऊ, तुमी संग चला. माह्यावर इस्वास नाई ठेवतीन.” मी गेलो. घराच्या ओट्यावर कोळशाची बारीक भुकटी बसलेली असते तिथे, कितीही झाडलं तरी. दीपमाला बहिणीच्या गळ्यात पडून रडली. चहा झाला. मग मथुराबाईने सांगायला सुरुवात केली आणि मी मध्ये मध्ये भर घालत गेलो. दीपमालाचा चेहरा हळूहळू आवळत गेला. बबलू तिच्या मांडीवर होता, तिने त्याला दोन्ही हातांनी धरलं.

“माह्या पोराले काई नाई झालं,” ती म्हणाली. “धडधाकट हाये तो.”

“प्रेमबी धडधाकटच होता वं.”

दारात दीपमालाची सासू उभी होती. ती म्हणाली, “सोताचे दोन गेले, आता याच्यावर नजर हाये काय? उठ. माह्या घरातून उठ.”

मथुराबाई उठली. दीपमाला बबलूला घेऊन आत गेली. बसमध्ये मथुराबाई खिडकीशी बसली आणि वणी येईपर्यंत तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. वणीला उतरल्यावर म्हणाली, “भाऊ, आपन बराबर सांगतलं ना? काई सुटलं तं नाई?”

“नाही सुटलं.”

तेव्हा मी तिला रिपोर्टवरच्या कोऱ्या जागेबद्दल सांगितलं. सात वर्षांनी. वणीच्या स्टँडवर, उसाच्या रसाच्या गाडीजवळ उभं राहून. तिने ऐकून घेतलं. “लिवलं असतं तं वाचला असता काय?” तिने विचारलं. मी खरं ते सांगितलं की कदाचित नसता वाचला, पण प्रेमच्या वेळी आधीपासून माहीत असतं. मग मारेगावची बस लागली आणि ती चढली. त्यानंतर ती माझ्याशी चांगलीच वागली, पण “तुमी पाहा” हे तिने पुन्हा कधी म्हटलं नाही.

दोन महिन्यांनी एका दुपारी ओढणीने तोंड बांधलेली एक बाई लॅबमध्ये आली. दीपमाला. घरी सांगितलं होतं की तालुक्याला आधारकार्डाच्या कामाला जाते. बबलूचं रक्त काढलं. ही तपासणी वेगळी असते. पेशी जिवंत पोचाव्या लागतात, म्हणून नळी बर्फात ठेवायची नाही आणि दिवसभरात पोचवायची. मी शर्टाच्या खिशात घालून ती नागपूरला नेली. आठ दिवसांनी मॅडमचा फोन आला. बबलूच्या रक्तातही तीच खोट होती. विषाणू मात्र त्याला अजून भेटला नव्हता.

उपाय एकच होता, दुसऱ्याची मज्जा बसवायची. बबलूच्या मोठ्या बहिणीची मज्जा पूर्ण जुळली. खर्च एका संस्थेने उचलला, मुंबईच्या इस्पितळात नंबर लागला. तो येईपर्यंत सात महिने पोराला सांभाळायचं होतं. कोणाचं उष्टं द्यायचं नाही, कोणी तोंडाचा मुका घ्यायचा नाही, भांडं वेगळं ठेवायचं. जी सासू आम्हाला उठ म्हणाली होती, तीच दारात काठी घेऊन बसायची, शेजारपाजारचं कोणी पोराला जवळ घेऊ नये म्हणून.

त्या काळात दीपमालाने बहिणीला फोन केला. “ताई, राग नको मानू. पन तू येऊ नको.”

“मी कुठी येऊन राह्यली?” मथुराबाई म्हणाली. हे तिनेच मला सांगितलं, डाळ निवडत असताना.

२०२३ साली बबलूवर ते सगळे उपचार झाले. चार महिने ते लोक मुंबईत होते. मधे एकदा पोर फार खालावलं, अंगावर पुरळ उठलं, तोंडात फोड आले, केस गळले. मग सावरलं. मला खबर आली की मी शाळेकडे चक्कर टाकायचो आणि मथुराबाईला सांगायचो. ती पळी थांबवून ऐकायची. एकदा तिने विचारलं, “केस आले काय त्याचे?” मी म्हणालो, येऊन राहिले आहेत, बारीक बारीक. तेवढ्यावर ती पुन्हा पातेल्याकडे वळली.

पुढच्या वर्षी डॉक्टर अर्पितांनी घरातल्या तिन्ही बायांना बोलावलं. मथुराबाई, दीपमाला आणि फुलसावंगीहून त्यांची आई मोतीबाई. ज्यांच्या रक्तात ही खोट आहे, पण ज्यांना काही होत नाही, अशा बायांचं शरीर त्या विषाणूशी कसं झगडतं, याचा त्या अभ्यास करत होत्या. जबरदस्ती नव्हती. तिघीही आल्या. बाहेरच्या बाकावर मोतीबाई मध्ये बसली आणि दोघी बहिणी दोन टोकांना. दोन वर्षांत त्यांची समोरासमोर भेट नव्हती.

फॉर्म भरायला एक नर्स आली. तिने मोतीबाईला विचारलं, “मुलं किती?”

मोतीबाई सत्तरीची, पाठीत वाकलेली. आजवर या प्रश्नाला ती “दोन पोरी” असं उत्तर देत आली होती. त्या दिवशी ती म्हणाली, “चार. नागसेन, मिलिंद, मथुरा अन् दीपमाला.”

दोघी बहिणींनी एकदम आईकडे पाहिलं. मोतीबाई जमिनीकडे बघत होती. “लोक म्हनत, हिच्या दुधात इख हाये,” ती म्हणाली. “तुमचा बाप बोलला नाई कधी. पन मिलिंद गेल्यावर तो माह्या हातचं पानी नाई पेला वर्सभर.”

तीन महिन्यांनी निकाल सांगायला मॅडमनी पुन्हा बोलावलं. पडद्यावर ठिपक्यांचं चित्र होतं. निळे ठिपके, लाल ठिपके.

“तुमच्या तिघींच्या रक्तात पेशी दोन तऱ्हेच्या आहेत,” मॅडम म्हणाल्या. “साधारण निम्म्यांत खोट आहे, निम्म्या धड आहेत. फ्लूच्या विषाणूशी दोन्ही लढतात, मिसळून. पण या एका विषाणूविरुद्ध उभ्या असलेल्या पेशी आम्ही वेगळ्या काढून पाहिल्या. त्या जवळपास सगळ्या धड निम्म्यातल्या आहेत. खोट असलेल्या तिथे दिसतच नाहीत.”

“म्हंजे तो आमालेबी झालता?” दीपमालाने विचारलं.

“तिघींनाही. लहानपणीच. आणि तो गेलेला नाही, अंगात झोपून आहे. आयुष्यभर राहतो. त्या धड पेशी त्याला दाबून ठेवतात.”

“होऊन गेला,” मथुराबाई म्हणाली, “अन् मले कळलंबी नाई.”

ती पडद्याकडे बघत होती. मला वाटलं तिला समजलं नसावं, म्हणून मी पुढे सरकलो. पण तिला समजलं होतं. तिने विचारलं, “मॅडम, अंगात राह्यते म्हनता. तोंडातून येते काय तो?”

मॅडम म्हणाल्या, “लाळेतून येतो. अधूनमधून.”

“मी पोरायले भाकर चावून भरोली. दोघायलेबी. दात येईपावेतो, अन् मंगबी.”

“मथुराबाई, शंभरातल्या नव्वद माणसांच्या अंगात तो आहे. माझ्याही असेल. शाळेतल्या पोराकडून येतो, पाण्याच्या गिलासातून येतो. कोणाकडून आला, हे जगातली कोणतीही तपासणी सांगू शकत नाही.”

“पन माह्याकडूनबी आला असन.”

मॅडम खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “असेलही.”

मोतीबाई म्हणाली, “मी बी चावून भरोलं. माही मायबी भरोत होती. सारेच भरोते.” तिने मथुराबाईच्या गुडघ्यावर हात ठेवला. मथुराबाईने तो हात तसाच राहू दिला. दीपमाला उठून पाणी प्यायला बाहेर गेली. परत आली ती आपल्या टोकाला न बसता बहिणीशेजारी बसली.

त्यानंतरच्या सोमवारी मथुराबाईने शाळेतलं काम सोडलं. मुख्याध्यापिका घरी समजवायला गेल्या, मीही गेलो. मी म्हणालो, “अशी खोट दहा लाखांत एखाद्या पोरात असते. आणि तुम्ही तर पळी तोंडालाही लावत नाही, हातावर घेता.”

“माह्या घरात पाच निघाले,” ती म्हणाली. “दहा लाखायचं मले नका सांगू.”

तेव्हापासून ती लोकांच्या शेतात जाते, निंदायला, कापूस वेचायला. दुपारी बाया जेवायला गोल करून बसतात, एकीच्या डब्यातलं दुसरी घेते. ही जरा बाजूला बसते. सोबतच्या बायांना आधी वाटलं, हिला गर्व आला. मग सवय झाली. घरीही तिचं ताट-लोटा वेगळा. भीमराज एकदा चिडून तिच्या लोट्याने पाणी प्याला, तेव्हा ती म्हणाली, “तुमाले काय होते? तुमी मोठे हा.” आणि लोटा घासून पुन्हा बाजूला ठेवला.

मागच्या वर्षी समीक्षा अठराची झाली. वणीला कॉलेजात शिकते. तिची तपासणी मॅडमनी आधी केली नव्हती. मोठी झाल्यावर तिला हवं तर तिनेच ठरवावं, असं त्या म्हणाल्या होत्या. ती स्वतः लॅबमध्ये आली आणि बाही वर करून बसली. “काका, घ्या,” म्हणाली.

निकाल आला. तिच्याही पेशी दोन तऱ्हेच्या होत्या. ऐकून तिने विचारलं, “मंग माह्या पोरायचं?” मी सांगितलं की आता गरोदरपणात आधीच कळतं, मुलगा झाला तर बबलूसारखं वेळेत काही करता येतं, मॅडम सगळं समजावतील. ती मान डोलावत राहिली. “आईले मीच सांगतो,” म्हणाली. मायलेकींत काय बोलणं झालं, मला माहीत नाही.

चार दिवसांनी भीमराज आला. गिऱ्हाइकं संपेपर्यंत तो दारातल्या स्टुलावर बसून राहिला. जिनिंग सुरू झालं होतं, केसांत कापसाचे तंतू होते. सगळे गेल्यावर म्हणाला, “रजतभाऊ, एक इचारतो. यातलं थोडं माह्याकडून आलं असन ना? सारंच तिचं कसं असन? तिले तेवढंच सांगता आलं असतं.”

मी त्याला खोटं सांगू शकलो असतो. पण या घराशी मी एकदा गप्प राहून वागलो होतो. मी कागद घेतला आणि समजावलं. मुलीला एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. समीक्षाची खराब प्रत मथुराबाईची. चांगली प्रत त्याची. तिच्या अंगात तो विषाणू दाबून ठेवणाऱ्या ज्या पेशी आहेत, त्या त्याने दिलेल्या प्रतीवर चालतात.

त्याने कागद उचलून जवळून पाहिला. “माह्या?”

“तुमच्या.”

“अन् पोरायले?”

“मुलग्यांना ती बापाकडून मिळत नाही, भीमराज. तसं नसतंच.”

तो तिथेच बसून राहिला, मी झाकपाक करेपर्यंत. मग विचारलं, हा कागद घेऊन जाऊ काय. मी घ्या म्हणालो. दाराशी थांबून त्याने तो परत टेबलावर ठेवला. “नको,” म्हणाला. “तिनं पाह्यला तं तिले अजून वाईट वाटन.” आणि चप्पल घालून तो दुसऱ्या पाळीला जिनिंगवर गेला.